जबड्याचं माप

पहिलं माप २७ मिलिमीटर भरलं. तो सोमवार होता एवढं नक्की आठवतं, कारण सोमवारी आमचं शेड बंद असतं आणि असल्या उद्योगाला निवांतपणा लागतो. व्हर्नियर (मापं घ्यायचं जबडेवालं हत्यार) स्पिरिटनं पुसला, त्याचे वरचे छोटे जबडे, म्हणजे बोअर, भोकाची आतली रुंदी, मोजायचे ते, पुढच्या वरच्या आणि खालच्या दातांना टेकवले आणि तोंड उघडेल तेवढं उघडलं. आपल्या जबड्यात व्हर्नियरचा जबडा घालून उभा असलेला माणूस आरशात बघून माझं मलाच हसू आलं. हसलो तशी उजव्या कानापुढून कळ निघाली ती थेट कानशिलात. स्विचबोर्डाशेजारी भिंतीवर पेन्सिलीनं २७ लिहिलं आणि बत्ती बंद करून घरी आलो.

माझं कोल्हापूरच्या उद्यमनगरात दोन लेथ आणि एका ड्रिलिंग मशीनचं छोटं वर्कशॉप आहे. बुश, पिना, शाफ्ट, जे येईल ते जॉबवर्क. आयुष्य मापात गेलं, म्हणून तोंड किती उघडतं हेही मापातच कळलं पाहिजे असं वाटलं. धडधाकट माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटं उभी जातात. ही सोपी परीक्षा आहे, घरात कुणावरही करून बघा. माझी दीड जात होती.

उजव्या कानापुढं टक् वाजायचं ते मात्र पंधरा वर्षांपासून. जांभई दिली की टक्, मोठा घास घेतला की टक्. बायको म्हणायची, तुमच्या तोंडात सायकलचं फ्रीव्हील बसवलंय. दुखत काही नव्हतं, त्यामुळं तो आवाज घरातल्या पंख्याच्या आवाजासारखा अंगवळणी पडला होता. जानेवारीत शिरोळ तालुक्यात सासुरवाडीला गेलो. ऊसतोड चालू होती. फडाच्या कडेला बसून ऊस दातानं सोलून खाल्ला, नेहमीसारखाच, चार-पाच कांडी. ऊस सुरीनं सोलून खाणाऱ्याला आमच्याकडं पाहुणा समजतात. दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासायला ब्रश घेतला तर तो आडवाच आत जाईना. आणि टक् आवाजही गायब. मी आपला खूश, चला, आवाज तरी गेला. तो आवाज जाणं हीच वाईट बातमी होती हे कळायला एप्रिल उजाडला.

मधल्या तीन महिन्यांची कथा लांबवत नाही. दुखायचं ते उजव्या खालच्या दाढेत, असं मला शपथेवर वाटत होतं. एका दवाखान्यात त्या दाढेचं रूट कॅनल झालं. इतकंसं तोंड उघडून पाऊण पाऊण तास तीन खेपा पडून राहिलो, आणि दुखणं होतं तिथंच. दाढेला काही झालेलंच नव्हतं. चावायचा स्नायू दुखायला लागला की तो आपलं दुखणं दाढेवर ढकलतो, हे मला नंतर दुसऱ्यांनी सांगितलं. पैसे गेले त्याचं एवढं नाही, पण एक चांगली दाढ मारून टाकली याचा राग अजून आहे. मग दुसरीकडं कुणी म्हणालं, चेहऱ्याच्या शिरेचं दुखणं असेल. त्याच्या गोळ्या सुरू झाल्या. गोळी घेऊन लेथवर उभं राहिलो तर चक, म्हणजे जॉब धरून फिरवणारी पकड, स्वतःभोवती फिरतोय की माझ्याभोवती हे कळेना. चालू मशीनसमोर गरगरणं म्हणजे हात घालवायची तयारी. चार दिवसांत बंद केल्या. शिरेचं दुखणं कसं असतं तेही नंतर कळलं: वीज चमकावी तशी कळ, काही सेकंदांची, दाढी करताना किंवा वाऱ्याची झुळूक लागली तरी उठणारी. माझं तसं नव्हतं. माझं होतं दिवसभर मागं लागलेलं, बोथट, संध्याकाळी वाढणारं, जसं ओझं उचलल्यावर दंड भरून येतात तसं.

या काळात सल्ले मात्र फुकट मिळाले. तालमीतले एक ओळखीचे वस्ताद म्हणाले, ‘बस हितं, एका हिसक्यात बसवतो.’ त्यांनी आयुष्यात पुष्कळ खांदे बसवलेत, हात हलका आहे, पण मी त्या दिवशी हेल्मेट न घालताच गाडीला किक मारली.

एप्रिलात तोंडाच्या आजारांच्या एका डॉक्टर बाईंकडं गेलो. त्यांनी दाताकडं बघितलंच नाही. दोन्ही कानांपुढं बोटं ठेवली आणि म्हणाल्या, ‘उघडा, मिटा.’ मग गालावर बोटं दाबत दाबत खालच्या कोपऱ्याशी एका ठिकाणी थांबल्या. तिथं दाबलं आणि माझी रूट कॅनल केलेली दाढ ठणकली! नस कापलेली दाढ कशी दुखेल? पण दुखली. तिथंच मला अर्धा आजार समजला.

मग त्यांनी विचारलं, ‘काम करताना दात आवळता का?’

‘नाही.’

‘बरं. आता डोळे मिटा आणि समजा, तुमचा शेवटचा कट चालू आहे. एकदम बारीक काम.’

मी डोळे मिटले. हातात हँडल आलं, डायलवरची रेघ आली, जरा जास्त फिरलं की जॉब रिजेक्ट. त्यांची बोटं माझ्या गालावरच होती. ‘बघा,’ म्हणाल्या, ‘गाल माझ्या बोटाखाली लिंबाएवढा वर आला.’

पंचवीस वर्षं लेथवर आहे. दिवसाला तसले कट किती, याचा हिशोब मनात सुरू झाला आणि मी गप्प बसलो.

त्यांनी सांध्याची रचना सांगितली ती मला चटकन कळली, कारण ती मशीनचीच गोष्ट आहे. हा सांधा नुसती बिजागरी नाही. तोंड उघडायला लागलं की जबड्याचं हाड आधी जागच्या जागी फिरतं आणि मग पुढं सरकतं. म्हणजे बिजागरी आणि स्लाइड एकाच ठिकाणी, दोन्ही बाजूंना, आणि दोन्ही बाजूंनी एकदम चालायला पाहिजे, कारण मधला जबडा एकच. हाड आणि कवटीच्या मधे कूर्चेची एक चकती असते. माझी चकती पुढं घसरलेली. तोंड उघडताना हाड तिच्यावर चढायचं तेव्हा टक् व्हायचं. उसाच्या दिवशी ते चढायचंच थांबलं, चकती पुढं पाचर मारल्यासारखी राहिली. म्हणून आवाज बंद आणि तोंडही बंद. त्यात भर म्हणजे स्नायू घाबरून आखडलेले. ‘चकतीमुळं किती आणि स्नायूमुळं किती, हे आत्ताच सांगता येणार नाही,’ म्हणाल्या. ‘एमआरआय लागला तर करू, पण आधी स्नायू सैल होऊ देत.’

रात्री दातांवर घालायचं ॲक्रिलिकचं नाइट गार्ड करायचं होतं. त्यासाठी दातांचं माप घ्यायला तोंडात ट्रे घालावा लागतो. ट्रे जाईना. सत्तावीस मिलिमीटरच्या बोअरमधून तो ट्रे घालणं म्हणजे जॉबपेक्षा चक लहान अशी गत. तेव्हा त्यांनी विचारलं, ‘ॲक्युपंक्चर कराल का? तोंड थोडं उघडलं की माझ्याकडं या.’

घरी सांगितलं तर आई म्हणाली, ‘तोंडात सुया मारून घ्यायच्या? आन् पैसंबी द्यायचं?’ बायको म्हणाली, ‘मी पण येतो.’ (आमच्याकडं बायकाही ‘येतो’च म्हणतात.)

राजारामपुरीत पहिल्या मजल्यावर ॲक्युपंक्चरवाल्या मॅडमच्या दोन खोल्या. भिंतीवर नोंदणीचं प्रमाणपत्र लावलेलं होतं, ते मी चष्मा घालून पूर्ण वाचलं. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा वेगळा कायदा आहे आणि त्याखाली परिषद आहे, हे मला तिथंच कळलं. शेजारी माणसाच्या शरीरावर रेघा आणि ठिपके काढलेला तक्ता. बघून मला एखाद्या जुन्या मशीनचा वायरिंग डायग्राम आठवला, ज्याच्यातली अर्धी वायर प्रत्यक्षात सापडत नाही. मॅडमना तसं म्हणालोही. त्या हसल्या. ‘जुन्या चिनी वैद्यांनी तो नकाशा काढलाय. त्या रेघा कापून बघितल्या तर सापडत नाहीत. पण ठिपक्यांच्या खाली बहुतेक ठिकाणी स्नायू, नसा, शिरा काहीतरी आहेच. मी ठिपके वापरते, रेघांवर वाद घालत नाही.’ मला हे उत्तर पटलं. धंद्यात असाच माणूस बरा वाटतो.

त्यांनी प्रश्न बरेच विचारले. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, पेसमेकर आहे का, साखर, फिट, आधी कधी इंजेक्शनला चक्कर आली आहे का. बायकोला विचारलं, तुम्हाला पण घ्यायचंय का, आणि दिवस गेले असतील तर हातावरचा एक बिंदू वापरत नाहीत असंही सांगितलं. आमची लेक बारावीला आहे, बायकोला हसू आवरेना. शेवटी मला विचारलं, ‘जेवून आलात ना?’

‘होय,’ म्हणालो. सकाळपासून एक कप चहा पोटात होता. चावायचंच जिवावर यायचं, तर जेवणार काय?

सुई बघायला मागितली. पाकीट फोडून दाखवली, एकदाच वापरायची, नंतर फेकायची. केसासारखी, भरीव, टोकाला निमुळती. इंजेक्शनची सुई पोकळ असते आणि कापत आत जाते. ही बाजू सारत जाते. एक कोरी सुई मी मागून घेतली आणि दुसऱ्या दिवशी मायक्रोमीटरवर लावली. पाकिटावर लिहिल्याप्रमाणं शून्य पॉइंट पंचवीस, बरोबर. आमच्या जुन्या भाषेत दहा थाऊ. एवढ्या बारक्या तारेला इतकी सरळ कशी ठेवत असतील, यावर मी आणि आमच्या मिस्त्रींनी अर्धा तास घालवला.

आडवा झालो. पहिली सुई हातावर, अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या मांसल भागात. प्लॅस्टिकची बारीक नळी ठेवतात, तिच्यातून सुईचा माथा इवलासा वर राहतो, त्याच्यावर बोटानं टिचकी. मुंगी चावावी तेवढंच. नंतर सुई थोडी आत सरकवून फिरवली, आणि तिथं काहीतरी भरून आलं. दुखणं म्हणता येणार नाही. हात झोपेत अंगाखाली आला की कसा जड होतो, तसं, पण एका रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत. ‘आलं का जड?’ त्यांनी विचारलं. हेच त्यांना हवं असतं म्हणे. या बिंदूचं चिनी नाव हेगू. जबडा आणि दातांच्या दुखण्यात तो वापरतातच. जबडा दुखतोय आणि सुई हातात, हे माझ्या डोक्यात अजून बसलेलं नाही.

मग चेहरा. गालाच्या खालच्या कोपऱ्यात, दात आवळले की जिथं स्नायू फुगतो तिथं एक, त्याचं नाव जियाचे, अर्थ जबड्याचा गाडा असा काहीतरी. कानापुढच्या खळगीत, तोंड मिटलेलं असताना लागते तिथं दुसरी. तिचं नाव शियाग्वान, म्हणजे खालची वेस. म्हटलं, आमची गंगावेस तशी ही गालवेस. कानाच्या अगदी पुढ्यात तोंड उघडल्यावर जो खड्डा पडतो त्याला ते ऐकण्याचा महाल म्हणतात. कानशिलावर एक. दोन्ही बाजूंना मिळून चेहऱ्यावर आठ, दोन हातांत दोन, अशा दहा. गाड्याच्या सुईनं मात्र दाखवलं. ती आत गेली आणि गालाचा स्नायू मासा उडावा तसा फडकन् उडाला, आणि रूट कॅनलची दाढ पुन्हा ठणकली. ‘इथंच गाठ आहे,’ मॅडम म्हणाल्या.

पुढच्या पाच मिनिटांत माझ्या कपाळाला घाम सुटला, छत लांब गेलं, कानात कूकरची शिट्टी सुरू झाली. मॅडमनी झटपट सगळ्या सुया काढल्या, पाय उशीवर वर केले, पाणी दिलं. ‘खरं सांगा, जेवलाय का?’ बायकोनं माझ्याआधी उत्तर दिलं. त्या दिवशीची फी त्यांनी घेतली नाही, पण बोलणं पोटभर दिलं. रात्री माप घेतलं: २७. जैसे थे.

दुसऱ्या खेपेला बायकोनं आमटी-भात कालवून समोर बसून खायला लावला. वीस मिनिटं सुया राहिल्या. काही चमत्कार झाला नाही. पण उठताना जांभई आली आणि ती मधेच अडली नाही. घरी न जाता आधी शेडमध्ये गेलो. ३०. तीन मिलिमीटर! लेथवर तीन मिलिमीटर म्हणजे डोंगर. दोन दिवसांनी ते २९ वर आलं, तरी हरकत नव्हती.

तिसऱ्या खेपेला मानेमागं, कवटीच्या खालच्या दोन खळग्यांतही सुया टोचल्या. जबडा आवळणारा माणूस मानही धरूनच काम करतो, त्यामुळं. तिथल्या सुया निघाल्या तेव्हा मान लोण्यासारखी झाली होती. त्याच धुंदीत जिना उतरून खाली टपरीवर चहा घेतला. चहावाला माझ्याकडं बघतच राहिला. ‘मालक, डोस्क्यात काय अडाकलंय ओ?’ कानशिलाच्या केसांत एक सुई तशीच राहिलेली. मी हात लावणार तेवढ्यात वरून खिडकीतून मॅडमचा आवाज, ‘थांबा, थांबा, एक कमी भरतेय!’ त्यांना फार वाईट वाटलं. तेव्हापासून त्या टोचताना मोठ्यानं मोजायच्या, काढतानाही. आणि मीही मनात मोजायचो. आमच्याकडं टूल मोजून कपाटात ठेवतात, तशी सवय चांगलीच.

चौथ्या खेपेला गालावरच्या दोन सुयांना बारीक चिमटे लावून बॅटरीवरच्या छोट्या यंत्रातून करंट दिला. सेकंदाला दोन वेळा गाल टक् टक् उडायचा, माझ्या मर्जीशिवाय. आधी विचित्र, मग हसू, मग चक्क झोप. वीस मिनिटांनी उठलो तर उजवा गाल डाव्यापेक्षा हलका. शेडमधलं माप: ३४. दुसऱ्या दिवशी गालावर पावलीएवढं निळं पडलं. हेल्परनं विचारलं, ‘वैनीनं मारलं व्हय?’ सुईखाली बारीक रक्तवाहिनी आली की तसं होतं, आठवड्यात गेलं.

हे नेमकं कसं होतं, असं मी मॅडमना विचारलंच. त्यांनी सांगितलं ते असं. सुई टोचली की मज्जातंतूंतून मणक्यात आणि मेंदूत संदेश जातात, आणि शरीर स्वतःची वेदनाशामकं सोडतं. आखडलेल्या गाठीत सुई गेली की तो स्नायू एकदा फडकतो आणि मग सैल पडतो. मग त्यांनी आपणहून पुढचं सांगितलं, जे सहसा कुणी सांगत नाही. जबड्याच्या दुखण्यावर प्रयोग झालेत, पण बरेचसे थोड्या माणसांवर. त्यात काहींना खोट्या सुया लावतात, आत न जाणाऱ्या किंवा भलत्या जागी टोचलेल्या, आणि त्यांनाही बऱ्यापैकी आराम पडतो. मग खऱ्या सुईचा वाटा किती आणि वीस मिनिटं शांत पडून राहण्याचा किती, हे वेगळं काढणं अवघड. ‘आणि घसरलेली चकती मी सुईनं जागेवर आणू शकत नाही. मी दुखणं आणि आखडणं कमी करते. सहा खेपांत फरक पडला नाही तर सातव्यांदा मी बोलावणार नाही.’

मला यात एक गोष्ट जाणवली. मी तिथं वीस मिनिटं पडायचो तेव्हा हात, गाल सगळीकडं सुया. बोलता येत नाही, मोबाइल बघता येत नाही, दात आवळावे म्हटलं तर गालातली सुई लगेच आठवण करते. पंचवीस वर्षांत जागेपणी माझे दात इतका वेळ एकमेकांपासून लांब राहिले असतील का, शंकाच आहे. सुईनं बरं वाटलं की सुईच्या धाकानं, देवाला माहीत.

पडल्या पडल्या एकदा कोटणीसांचा विषय निघाला. आपल्या सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले, तेव्हा ही विद्या त्यांनीच भारतात आणली असणार, असं मला वाटत होतं. तसं नाही. ते शल्यचिकित्सक, युद्धातल्या जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिकडंच वारले. त्याच पाच डॉक्टरांच्या पथकातले बंगालचे डॉक्टर बसू पुढं पुन्हा चीनला गेले, तिथं ॲक्युपंक्चर शिकले आणि १९५९ च्या सुमारास त्यांनी कोलकात्यात ते सुरू केलं. पाचांतले चोळकर तर नागपूरचे. हे ऐकताना मी ‘हं’सुद्धा म्हणू शकत नव्हतो, गालात सुई.

खरं काम मॅडमनी चौथ्या खेपेनंतर दिलं. म्हणाल्या, ‘ओठ मिटलेले, दात सुटे, जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागं टाळूला. दिवसभर हीच जागा. दात एकमेकांना लागायचे ते जेवताना आणि आवंढा गिळताना, बाकी नाही.’ ऐकायला सोपं वाटलं. शेडमध्ये गेलो, पहिलाच जॉब चकमध्ये धरला आणि दात आवळलेले! सोडले. हँडलला हात लावला, पुन्हा आवळलेले. जॉब काढून ठेवला आणि बाहेर येऊन उभा राहिलो. इतक्या वर्षांत डायलवरची शंभरावा भाग दाखवणारी रेघ मी डोळ्यांनी वाचत होतो, हातानं फिरवत होतो, आणि धरून ठेवत होतो दातांनी. दात सोडले की हात कापतोय असं वाटायचं. दोन दिवसांत तीन बुश वाया घालवले. मिस्त्रींना वाटलं मालकांना डोळ्यांचं काहीतरी झालंय.

मग बायकोच्या टिकल्यांचं पाकीट आणलं. लाल, शेंगदाण्याएवढ्या. एक लेथच्या हेडस्टॉकवर, म्हणजे चकमागच्या पेटीवर, एक ड्रिलिंग मशीनवर, एक व्हर्नियरच्या पेटीवर, एक मोबाइलच्या मागं, एक स्कूटरच्या स्पीडोमीटरच्या काचेवर. टिकली दिसली की दात बघायचे. आवळलेले असले तर सोडायचे, एवढंच. बिलं मागायला आलेला एक पार्टीवाला टिकल्या बघून म्हणाला, ‘खंडेनवमी लवकर आली काय यंदा?’ त्याच्याशी पैशाचं बोलता बोलता माझी नजर टिकलीवर गेली. दात घट्ट. उधारीचा विषय निघाला की माझे दात लागतात, हेही त्याच दिवशी कळलं. मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या, ‘मग सुया त्यांना टोचू या.’

बाकीची पथ्यं चटकन सांगतो. सुपारी बंद, हे सगळ्यात जड गेलं. रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं गरम पाण्यात पिळलेल्या टॉवेलचा शेक. जांभई आली की हनुवटीखाली मूठ. घास लहान. मे महिना होता, आंबा चोखायचा बंद, रस चालेल. मटणाच्या दिवशी सगळे तांबड्यावर तुटून पडलेले आणि मी पांढऱ्या रश्श्यात भाकरी कुस्करून म्हाताऱ्यासारखा ओरपतोय. पाहुण्यांतला एक जण म्हणाला, ‘कोल्हापुरात जन्माला येऊन ही वेळ?’ त्याला मी उत्तर दिलं नाही. दात सुटे होते.

पाचव्या खेपेला ३५, सहाव्याला ३७. त्या आठवड्यात डॉक्टर बाईंकडं गेलो, ट्रे आत गेला, नाइट गार्ड झालं. पहिल्या रात्री त्याच्यामुळं लाळ गळाली आणि बोलणं बोबडं झालं, आठ दिवसांत सवय झाली. महिन्याभरानं त्यांनी गार्ड उजेडात धरून दाखवलं. उजव्या बाजूला घासल्याच्या चकाकत्या खुणा, टूलपोस्टवर पडतात तशा. म्हणजे रात्रीची पाळीही चालूच होती, निदान आता माझ्या दातांऐवजी प्लॅस्टिक झिजत होतं. सुया पुढं पंधरा दिवसांतून एकदा अशा तीन झाल्या, एका खेपेचे पाचशे. मग मॅडमनीच थांबवलं.

ऑगस्टमध्ये भडंग खाताना टक् झालं. मोठ्यानं. मी घास तोंडात तसाच धरून बसलो, घाबरून. डॉक्टर बाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, ‘अहो, चांगलं आहे. हाड परत चकतीवर चढायला लागलं. दुखत नसेल तर वाजू दे.’ सुयांनी झालं, गार्डनं झालं, टिकल्यांनी झालं की नुसत्या दिवसांनी झालं, हे मी सांगू शकत नाही. एका वेळी एकच सेटिंग बदलायचं असतं हा मशीनचा नियम, आणि मी चार एकदम बदलली होती. अजूनही सलग दोन दिवस बारीक काम आलं की संध्याकाळी गाल भरून येतो. ऊस सुरीनं सोलून खातो, पाहुणा तर पाहुणा.

दसऱ्याच्या आधी शेडला चुना मारायला काढला. हेल्पर ब्रश घेऊन स्विचबोर्डापाशी थांबला. भिंतीवर २७ पासून ४१ पर्यंत पेन्सिलीचे आकडे, काही खोडलेले, काही गोल केलेले. ‘मालक, ह्यो कुठल्या जॉबचा साइझ हाय? ऱ्हाऊ द्यायचा?’

‘मार चुना,’ म्हणालो.

खंडेनवमीला मशीनं रॉकेलनं पुसून लख्ख केली. पूजेला मी हळदी-कुंकू घेऊन लेथपाशी गेलो तर हेडस्टॉकवरची टिकली पोरानं चिंधीनं घासून काढत आणलेली, अर्धी वर उचललेली.

‘ती राहू दे,’ म्हणालो, आणि अंगठ्यानं परत दाबून बसवली.